पहिला परिच्छेद ठेवायचा की कापायचा?

कथेच्या सुरुवातीबद्दल बेळगाव-निपाणी भागातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांब पत्रं आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (खानापूर तालुका): माझी कथा ‘सुरुवात संथ’ एवढ्या शेऱ्यानिशी परत आली. वीटभट्टीवरच्या दोन भावांची कथा आहे. सुरुवात अशी: ‘पूर्वेला तांबडं फुटलं होतं. पाखरांचा किलबिलाट सुरू झाला होता. मलप्रभेच्या काठी वसलेलं ते छोटंसं गाव हळूहळू जागं होत होतं. गावात सगळे लोक गुण्यागोविंदानं राहत होते. शंकर आणि त्याचा धाकटा भाऊ परशुराम यांचा वडिलोपार्जित वीटभट्टीचा धंदा होता.’ पुढे तिसऱ्या पानावर परशुराम भट्टी पेटवायला नकार देतो आणि भांडण सुरू होतं. पण वातावरणनिर्मिती नको का?

उत्तर: हवी. पण या पाच वाक्यांत वातावरण सापडत नाही. तांबडं, पाखरं आणि जागं होणारं गाव उचलून कृष्णाकाठी किंवा वऱ्हाडात नेऊन ठेवा, नदीचं नाव सोडून एक अक्षर बदलावं लागणार नाही. ज्या वर्णनाला गाव बदललेलं कळत नाही, ते वर्णन त्या गावाचं नव्हे.

आता वाक्यांचे शेवट पाहा. फुटलं होतं, झाला होता, होत होतं, राहत होते, धंदा होता. पाचच्या पाच वाक्यं ‘होता-होती-होतं’वर थांबली आहेत. मराठीत अशी वाक्यं बहुतेक वेळा स्थिती सांगतात किंवा आधी घडून गेलेलं सांगतात. वाचकासमोर आत्ता काही घडत नाही. एक साधी तपासणी करून बघा: कथेची पहिली दहा वाक्यं घ्या आणि किती वाक्यांचा शेवट या रूपांवर होतो ते मोजा. चारापेक्षा जास्त निघाली तर घटना अजून सुरू झालेली नाही असं धरून चालायला हरकत नाही. हा व्याकरणाचा नियम नाही, कामापुरता अंदाज आहे. पण तो फारसा चुकत नाही.

दुसरी तपासणी पेन्सिलीची. पहिल्या तीन पानांची छापील प्रत घ्या आणि समासात प्रत्येक वाक्यापुढं एक अक्षर लिहा. आत्ता काही घडतंय तर ‘घ’, वर्णन असेल तर ‘व’, पूर्वीची माहिती असेल तर ‘पू’. पहिला ‘घ’ कुठं येतो ते बघा. नव्या लेखकांच्या कथेत तो सहसा दुसऱ्या पानाच्या मध्यावर असतो, तुमच्याकडे तिसऱ्यावर आहे. त्याच्या आधीचं लिखाण तुम्हाला कथेत शिरायला उपयोगी पडलं, वाचकाला ते लागत नाही. कथा तिथून सुरू करून पाहू:

‘भट्टी पेटवायला माणसं जमली आणि परशुराम म्हणाला, आज पेटवायची नाही. शंकरनं हातातली काडी विझू दिली. विटा रचून झाल्या होत्या, वरून मातीचा लेप बसला होता, आणि जांबोटीच्या बाजूनं आभाळ काळं होत चाललं होतं. वळीव आला तर कच्च्या विटांचा चिखल होणार हे परशुरामला सांगायची गरज नव्हती. त्यातल्या अर्ध्या त्यानंच थापल्या होत्या.’

यात नदी नाही, पाखरं नाहीत, तरी ठिकाण आहे, हंगाम आहे, धंद्याची नड आहे आणि घड्याळही चालू झालं आहे. पाऊस कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे दोघांनी लवकर काहीतरी ठरवणं भाग आहे. ‘होतं’वर संपणारी वाक्यं इथंही आहेत, पण ती घटनेच्या मागून आली आहेत. दोघं भाऊ आहेत हे अजून सांगितलेलं नाही, सांगूही नका. पुढच्या ओळीत परशुराम ‘दादा’ म्हणाला की कळेल.

कापलेल्या पानांतलं काय ठेवायचं? कापलेल्या प्रत्येक माहितीपुढं ती वाचकाला नेमकी कुठल्या प्रसंगात लागेल ते लिहा. जिच्यापुढं काही लिहिता येत नाही ती गेली. बहुतेक कथांत दहातल्या तीन-चार गोष्टी उरतात. गुण्यागोविंदानं राहणाऱ्या लोकांना मात्र निरोपच द्या.

एक धोका आहे. सुरुवात कापा म्हटलं की काहीजण एक परिच्छेद भांडणाचा देतात आणि दुसऱ्याच परिच्छेदात ‘शंकरला ते दिवस आठवले’ म्हणून कापलेली तीनही पानं पुन्हा ओततात. वाचकाला हे लगेच कळतं. चालू प्रसंग निदान तीनशे शब्द पुढं सरकल्याशिवाय मागं जाऊ नये, आणि मागं गेल्यावर तितका वेळही तिथं थांबू नये.

प्रश्न (निपाणी, शिक्षिका): शाळेच्या कथालेखन स्पर्धेसाठी मुलांना ‘संवादानं सुरुवात केली की कथा पकड घेते’ असं सांगतात. बरोबर आहे का?

उत्तर: संवादानं वेग येतो, पण बोलणारी माणसं दिसली नाहीत तर तो वेग वाया जातो. मुलांच्या वह्यांत हे हमखास सापडतं:

“नाही म्हणजे नाही!”
“अगं, पण ऐकून तर घे.”
“मला काही ऐकायचं नाही.”

या दोघी मायलेकी असतील, मैत्रिणी असतील, सासू-सून असतील. विषय लग्नाचा असेल किंवा शेंगदाण्याच्या चटणीचा. नुसता आवाज चढलेला आहे. आता हे बघा:

“हजारातल्या सत्तर छाटल्या, मावशी.”
सुमननं मांडीवरचं सूप खाली ठेवलं नाही. “कालच्या पानाला भोकं होती. ते कुणी छाटायचं?”

निपाणीच्या मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही. बिडीची मजुरी हजारावर ठरते, खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे हातचे जातात. बाहेरच्या वाचकाला हा हिशोब ठाऊक नसला तरी ‘हजारातल्या सत्तर’ आणि ‘भोकं’ एवढ्यावर तो भांडण पकडतो. ‘मावशी’ म्हणणारा वयानं लहान आहे आणि सत्ता मात्र त्याच्या हातात आहे. सूप खाली न ठेवणं हे सुमनचं उत्तरच आहे, ती बोलायच्या आधीच.

मराठी लेखकाला इथं एक सोय फुकट मिळते आणि ती फारच कमी वापरली जाते. आपल्याकडे माणसं एकमेकांना नात्यानं हाक मारतात आणि तू-तुम्ही पाळतात. “आत्या, तू बस” आणि “आत्या, तुम्ही बसा” यांत दोन वेगळी घरं आहेत. “वैनी” एवढ्या एका शब्दात बोलणाऱ्याचं वय, नातं आणि अंतर येतं. ‘सुरेखा ही रमेशची भावजय होती’ हे वाक्य लिहायची गरज उरत नाही.

वर्गात करायला एक खेळ: मुलांनी फक्त दोन ओळींचा संवाद लिहायचा, निवेदन नाही. बाकीच्यांनी बोलणारे कोण, कुठं आहेत आणि कुणाची बाजू वरचढ आहे ते सांगायचं. वर्गातून चार वेगळी उत्तरं आली तर संवाद पोकळ आहे. आणि कथेत वापरताना तिसऱ्या ओळीपर्यंत बोलणाऱ्यांपैकी एकाचं नाव आणि त्याच्या हातातलं काम आलंच पाहिजे.

प्रश्न (चिकोडी): प्रथमपुरुषी कथेत सुरुवातीला काय सांभाळायचं? माझा निवेदक पुरुष आहे, मी स्त्री आहे. वाचणाऱ्यांना दुसऱ्या पानावर धक्का बसला म्हणे.

उत्तर: वाचक ‘मी’ला आधी लेखकाचंच लिंग देतो, कारण कथेच्या वर तुमचं नाव छापलेलं असतं. त्यामुळे पहिल्या दोन वाक्यांतच खुलासा व्हायला हवा, आणि मराठी क्रियापद तो करून देतं, मात्र प्रत्येक वेळी नाही. ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’ यांत क्रियापद दाराच्या आणि पत्राच्या मागं जातं, ‘मी’ कोण ते कळत नाही. ‘मी दारात थांबलो’ म्हटलं की कळतं. तुमच्या पहिल्या पानावर उघडलं, वाचलं, पाहिलं, ठेवलं अशीच क्रियापदं ओळीनं आली असणार. एक ‘आलो’ किंवा ‘बसलो’ वर सरकवा, काम होईल. लपवायचंच असेल तर याच्या उलट करा, पण ते दीड पानापलीकडे ताणलं की वाचकाला खोडी वाटते.

आपल्या भागापुरती आणखी एक पाचर आहे. कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात बायकाही सर्रास ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. कथेत अशी बाई निवेदक असेल आणि तिची बोली खरी ठेवायची असेल, तर जरूर ठेवा. फक्त पहिल्या चार-पाच ओळींत कुणीतरी तिला ‘आक्का’ म्हणून हाक मारू द्या. नाहीतर नाशिकचा वाचक तिला पुरुष समजून तीन पानं वाचेल आणि मग चूक तुमच्या पदरात घालेल.

प्रश्न (बेळगाव शहर): माझ्या कथेतल्या आजोबांनी १९५६ पासूनचं सगळं पाहिलं आहे. त्यांना जमिनीबद्दल कानडीत नोटीस येते, तिथून कथा वळते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला सीमाप्रश्न नीट माहीत नसतो म्हणून मी पहिलं दीड पान पार्श्वभूमी दिली. मित्र म्हणतो, अग्रलेख वाटतो. शिवाय कानडी संवाद कसे लिहायचे? कंसात अर्थ द्यायचा का?

उत्तर: मित्राचं ऐका. बेळगाव आजच्या कर्नाटकात घालणारी १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, सीमावादावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा, २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बेळगावी होणं, हा सगळा इतिहास आजोबांच्या आयुष्यावरून गेला आहे हे खरं. पण तो लाखोंच्या आयुष्यावरून गेला आहे. पहिल्या पानावर वाचकाला या आजोबांची ओळख हवी असते, आणि ओळख करून द्यायला त्यांच्या हातात तुम्ही एक चांगली वस्तू दिलेलीच आहे. ती दीड पान उशिरा येते, एवढीच तक्रार.

‘नोटीस दोन पानांची, दोन्ही पानं कानडीत. आजोबांनी चष्मा लावला, शिक्का ओळखला, स्वतःचं नाव कुठं असेल त्याचा अंदाज घेतला. मग कागद नातवाकडं दिला. नातू सातवीत. त्यानं पहिली ओळ मोठ्यानं वाचली.
“पुढं वाच की.”
“वाचतो. पण अर्थ विचारू नका, आजोबा. हे सरकारी कानडी आहे.”’

पुण्याच्या वाचकाला यातून काय कळलं? ज्या कागदावर माणसाची जमीन आहे तो कागद त्याला वाचता येत नाही. घरातलं पोर शाळेत ती लिपी शिकलं आहे, पण सरकारी भाषा त्याच्याही डोक्यावरून जाते. इतकं कळल्यावर ‘हे असं का?’ हा प्रश्न वाचक स्वतः विचारतो, आणि मग चौथ्या पानावर आजोबा १९५६ चं बोलले तर तो कान देऊन ऐकतो. त्यानं प्रश्न विचारायच्या आधी दिलेलं उत्तर मात्र त्याला माहितीपत्रक वाटतं.

तारीख द्यायचीच असेल तर एकच द्या आणि ती प्रसंग म्हणून द्या. १ नोव्हेंबर ही त्या कामाची तारीख आहे. त्याच दिवशी शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी माणसं काळा दिन पाळतात. एखाद्या दुकानदाराला त्या सकाळी शटर किती वर करायचं हे ठरवावं लागतं, यावर तुमच्या कथेची सुरुवात होऊ शकेल. इतिहास त्या शटरच्या उंचीतच येतो.

कानडीबद्दल. देवनागरीत लिहा, कंस नको, आणि ‘म्हणजे’ लावून निवेदकानं लगेच भाषांतरही करू नये. अर्थ पुढच्या हालचालीतून कळू द्यावा:

“चिल्लर कोडरी,” कंडक्टर म्हणाला. खिशात शंभराची एकच नोट होती, ती तिनं मुकाट्यानं पुढं केली.

एवढं पुरतं. पहिल्या पानावर कानडीचं एखादंच वाक्य ठेवा आणि ते एखाद्या कानडी बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. शाळेच्या पुस्तकातलं कानडी आणि धारवाड-बेळगावकडचं बोलण्यातलं कानडी यांत बराच फरक आहे. कंडक्टर पुस्तकी बोलला की इथल्या वाचकाला तो नाटकातला वाटतो.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही पण या भागातून येणाऱ्या कथांत वारंवार दिसते. कानडी फक्त फौजदार, कारकून आणि कंडक्टर यांच्याच तोंडी असते. प्रत्यक्षात आपल्या गल्लीत किराणावाला, शेजारची आजी, क्वचित घरची सूनही कानडी बोलते आणि मराठीही. पहिल्या पानावर कानडी फक्त नोटीस आणणाऱ्याच्या तोंडी दिली, तर वाचक कथेची बाजू आणि शेवट दोन्ही तिथंच ओळखून मोकळा होतो. तुम्हाला तेच हवं असेल तर प्रश्न नाही. नकळत होऊ नये.

बेळगाव लिहायचं की बेळगावी? निवेदन आणि मराठी पात्रांचं बोलणं यांत बेळगाव, पाटीवर जे लिहिलं असेल ते. याच्यावर पहिल्या पानात वाद घालणारी कथा दुसऱ्या पानापर्यंत पोचत नाही.

बोलीचंही याच हिशोबानं. “काय गा”, “होय की” यांसारखी बोली पहिल्या ओळीपासून चालेल, पण एका वाक्यात एकच अनोळखी शब्द, आणि निवेदन प्रमाण मराठीत चालणार की बोलीत हे पहिल्या वाक्यात ठरवून तिथंच राहायचं. पहिलं पान बोलीत आणि दुसरं पुस्तकी, असं झालं की लेखक दमला हे कळतं.

प्रश्न (खानापूर, संकेश्वर, अथणी येथून वेगवेगळे, थोडक्यात उत्तरं द्यावीत): स्वप्नानं सुरुवात करावी का? पात्राचं नाव लपवलं तर उत्कंठा वाढते का? म्हणीनं किंवा सुविचारानं सुरुवात चालेल का? शीर्षक आधी की नंतर? सुरुवात किती शब्दांची असावी?

उत्तर: स्वप्न नको. वाचक ज्यात गुंतला ते खोटं होतं हे सांगून तुम्ही त्याचा विश्वास पहिल्याच पानात खर्च करता. गजराचं घड्याळ, आरशात बघून स्वतःचं वर्णन करणारी नायिका, रात्री वाजणारा फोन यांचीही तीच गत. ती वाईट म्हणून नव्हे, संपादकाच्या टेबलावर त्याच आठवड्यात तशाच आणखी कथा असतात म्हणून.

नाव लपवून ‘तो’, ‘ती’ करत राहिल्यानं गोंधळ वाढतो. उत्कंठा तेव्हा वाढते जेव्हा वाचकाला माणूस, त्याची नड आणि अडचण माहीत असते आणि फक्त पुढचं माहीत नसतं. वीटभट्टीच्या उदाहरणात काहीच लपवलेलं नाही.

म्हण चालेल, पण ती पात्राच्या तोंडी आणि चुकीच्या वेळी आलेली असेल तर. लेखकानं वरून चिकटवलेला सुविचार काढून टाका.

शीर्षक शेवटी. आणि शीर्षकातलीच गोष्ट पहिल्या वाक्यात पुन्हा सांगू नका, ती जागा महागाची आहे.

अडीच-तीन हजार शब्दांच्या कथेत पहिल्या दीडशे-दोनशे शब्दांत कोण, कुठं आणि काय बिनसलं आहे हे आलेलं असावं. तीनशे शब्दांच्या लघुत्तम कथेत या सगळ्याला एकच वाक्य मिळतं. कादंबरीला अर्थातच जास्त सवड असते, तिथं वाचक मुक्कामाच्या तयारीनं येतो.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): माग विकणाऱ्या विणकराची कथा डोक्यात पूर्ण तयार आहे, पण पहिलं वाक्यच सुचत नाही. आठवडे गेले.

उत्तर: मग पहिलं वाक्य शेवटी लिहा. कागदावर वरच्या दोन ओळी मोकळ्या सोडा आणि जो प्रसंग सर्वांत स्पष्ट दिसतो तो आज लिहून काढा, मग तो मधला असो की शेवटचा. सुरुवात निवडायला शेवट हातात असावा लागतो. अमेरिकी कथाकार एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४२ मध्ये त्यांचे समकालीन कथाकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या कथांचं परीक्षण करताना हेच मांडलं: कथेचा जो एकसंध परिणाम साधायचा आहे त्याच्याकडे पहिलंच वाक्य जात नसेल, तर लेखक पहिल्याच पावलाला चुकला.

कच्चा खर्डा पुरा झाला की पाच सुरुवाती लिहा. एकाच बैठकीत, प्रत्येकी एक-दोन वाक्यं, आणि पाचही वेगळ्या जातीच्या. तुमच्या कथेवर करून दाखवतो.

घटनेनं: ‘भंगारवाला काटा घेऊन आला तेव्हा मागावर अर्धी साडी होती.’

बोलण्यानं: “आधी ते कापड कापून काढा,” भंगारवाला म्हणाला, “लोखंडाच्या वजनात सूत धरत नाही मी.”

वस्तूनं: ‘धोट्याची एक बाजू इतकी झिजली होती की तो जमिनीवर ठेवला तरी डावीकडं कलायचा.’

विधानानं: ‘ज्याच्या घरचा माग जातो त्याच्या दारात आमच्या गल्लीतलं कुणी त्या दिवशी थांबत नाही.’

नंतरच्या काळातून: ‘माग गेल्यावर तिसऱ्या रात्री दत्तूला खडखड ऐकू आली आणि तो उठून बसला.’

पाचही कामाच्या आहेत, पण एकाच कथेच्या नाहीत. पहिलीनं वाचकाला वचन दिलं आहे: त्या अर्ध्या साडीचं पुढं काहीतरी होईल. कथेच्या शेवटी साडीचा पत्ताच नसेल तर ती सुरुवात कितीही देखणी असो, घेऊ नका. दुसरीत भंगारवाला जिवंत झाला आहे, म्हणजे तो नंतरही कथेत लागेल. तो एका पानात निघून जाणार असेल तर इतकं चांगलं वाक्य त्याच्यावर उधळू नये. तिसरी हळू आहे. दत्तूच्या हातांची, सवयीची कथा असेल तर बसेल, पण तिच्या पाठोपाठ दोन-तीन वाक्यांत माणूस दिसला पाहिजे. चौथीत ‘आमच्या’ आलं, म्हणजे सांगणारा शेजारी आहे. तो न थांबणाऱ्यांपैकी एक होता का, हा प्रश्न आता कथेला टाळता येणार नाही. विधानाच्या सुरुवातीत नेहमी फसतं ते असं की लेखक विधान करतो आणि पुढं कथेत ते सिद्ध करत बसतो. विधानाला कथेत कुणीतरी छेद द्यावा लागतो, इथं कुणीतरी त्या दारात थांबायला हवं. पाचवीत विक्री होऊन गेलेली आहे. विकायचा की नाही हा पेच संपला, उरलं ते नंतरचं रितेपण. तुमची कथा विक्रीच्या निर्णयाची असेल तर ही सुरुवात तिचा जीवच काढून घेईल.

तुमच्या पत्रात शेवट लिहिलेला नाही, त्यामुळे यांतली कुठली घ्यायची ते सांगता येत नाही. तुम्ही शेवटचा परिच्छेद पाचही वाक्यांच्या खाली एकेकदा ठेवून सलग वाचा. जिथं दोघांत काही संबंध लागतो ती ठेवा.

एक सावधगिरी. धोटा, कांडी, फणी, ताणा हे शब्द तुम्हाला रोजचे आहेत. पहिल्या परिच्छेदात त्यांतला एक पुरे, आणि तो हातात धरलेला किंवा हलताना दिसू द्या. चार एकदम आले तर कथा मागाच्या माहितीची होते.

प्रश्न (येळ्ळूर): कथा संमेलनात सांगायची आहे. छापायच्या कथेची सुरुवात तशीच चालेल का?

उत्तर: नाही चालत. येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी अशा गावच्या संमेलनांत कथाकथनाच्या वेळी मांडवात माणसं अजून खुर्च्या सरकवत असतात, माईकची उंची बदलली जात असते. पहिली दोन वाक्यं कुणाच्याच कानात नीट जात नाहीत. छापील कथेत पहिलं वाक्य सर्वांत मोलाचं. सांगायच्या कथेत ती जागा तिसऱ्या-चौथ्या वाक्याला द्या, आणि आधीची दोन वाक्यं हरवली तरी चालतील अशी ठेवा: गाव कुठलं, दिवस कुठला.

श्रोत्याला पान मागं उलटता येत नाही. म्हणून मुख्य पात्राचं नाव पहिल्या मिनिटात तीनदा तरी उच्चारा. छापील कथेत ते बोजड वाटलं असतं, इथं वाटत नाही. सुरुवातीला दोनपेक्षा जास्त माणसांची नावं घेऊ नका, आणि ती एका अक्षरानं सुरू होणारी नसावीत. माईकवर महादेव आणि मारुती एकच होतात. मोठी मिश्र वाक्यं तोडा. ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जो-तो’ यांची जोडी दुसऱ्या अर्ध्या वाक्यापर्यंत श्रोत्याच्या डोक्यात टिकत नाही.

“तो म्हणाला”, “ती म्हणाली” छापील कथेत संवादाच्या मागं येतात. सांगताना ते पुढं आणा किंवा आवाज बदलून गाळून टाका. आणि घड्याळ लावून सराव करा: मराठीत सावकाश, थांबत सांगताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, त्यामुळे वीस मिनिटं मिळाली असतील तर दोन हजार शब्दांच्या वर जाऊ नका. कापायचं झालं तर मधून कापा. सुरुवात आणि शेवट पाठ ठेवा, मधलं कागदावर बघून सांगितलं तरी चालतं.